काइटसर्फिंग शिकायचंय? आधी वारा बघा, मग गाव

प्रश्न : वय ३४, वजन ५८ किलो, पुण्यात नोकरी. पोहता येतं, पण सर्फिंग किंवा सेलिंग कधी केलेलं नाही. नाताळच्या आठवड्यात आम्ही गोव्याला जातोच, तर तिथेच चार दिवसांत काइटसर्फिंग शिकून होईल का? नवरा आणि सात वर्षांची मुलगी सोबत असतील, ते दोघं शिकणार नाहीत. धोका किती, खर्च किती, सामान आधी विकत घ्यावं का, हेही सांगा.

उत्तर :

नाताळात गोव्याला खुशाल जा, पण काइटसर्फिंग शिकायच्या हिशेबाने जाऊ नका. चारांपैकी तीन दिवस माडांच्या शेंड्यांकडे बघत वाऱ्याची वाट पाहण्यात जातील. काइट म्हणजे मोठा पतंग, त्याच्या ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून जायचं असतं, म्हणून या खेळात सुट्टी उलट्या क्रमाने ठरवावी लागते. वारा कुठे वाहतो, कोणत्या महिन्यात, किती जोराने आणि किती दिवस सलग, हे आधी. गाव, हॉटेल, विमानाचं तिकीट हे सगळं त्याच्या मागून. मी इतकी वर्षं शिकवतेय, आणि नाउमेद होऊन हा खेळ सोडणारे जे बघितले त्यांच्यातल्या बहुतेकांची ताकद कमी पडली नव्हती. ते चुकीच्या महिन्यात चुकीच्या किनाऱ्यावर जाऊन आले होते.

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवत असतील. डिसेंबरात गोव्यात सकाळी मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी खारा वारा येतो तो मंद. मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काइट दिसायला लागतात त्या फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत, म्हणजे जमीन तापून खारा वारा जोर धरतो तेव्हा. तेव्हाही तो दुपारनंतरचा, बहुधा १० ते १५ नॉटचा. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) खेळ येणाऱ्या माणसाला मोठी काइट घेऊन एवढ्या वाऱ्यात मजा करता येते. नवशिक्याची काइट घडीघडी पाण्यात पडते, आणि वाऱ्यात दम नसला की ती पाण्यावरून परत उठत नाही. तुम्ही अर्धा तास तिच्यामागे पोहता आणि दहा मिनिटं शिकता. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गोव्यात आणि कोकणात वारा भरपूर, पण तो झोताझोताने येणारा, किनाऱ्यावर फुटणाऱ्या उंच लाटा, आणि कोणत्याही क्षणी येणारी सर. ते पाणी शिकायचं नाही.

तुमच्या परिस्थितीत मी कल्पिटियाला जाईन. श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे गाव, पुत्तलम जिल्ह्यातलं. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचे कोणतेही सलग आठ दिवस. मुलीची शाळा जूनच्या मध्यावर उघडणारी असेल तर सुट्टीतही बसतं.

कल्पिटियाच का? आपल्याकडे पाऊस घेऊन येणारे जे नैऋत्य मोसमी वारे, तेच तिथे वाहतात. पण श्रीलंकेत त्यांचा पाऊस मुख्यतः नैऋत्येच्या भागात आणि मधल्या डोंगरांवर पडतो. पुत्तलमचा पट्टा कोरडा. तिथला मोठा पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबरात. म्हणजे मे ते ऑक्टोबर मोसमी वाऱ्याचा जोर मिळतो आणि पावसाचा त्रास जवळजवळ नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. कल्पिटियात तो वारा समुद्रावरून मोकळा येतो, वाटेत डोंगर, इमारती काही नाही, म्हणून तो सलग असतो. बरेच दिवस १८ ते २५ नॉट.

दुसरं कारण पाण्याचं. समुद्र आणि तिथलं लगून, म्हणजे समुद्रालगतचं खाऱ्या पाण्याचं तळं, यांच्यामध्ये वाळूचा अरुंद पट्टा आहे. वारा त्यावरून निघून येतो, लाट मात्र पलीकडच्या बाजूला फुटून थांबते. आतलं पाणी सपाट आणि बऱ्याच ठिकाणी कमरेएवढं. नवशिक्यासाठी याहून मोठं सुख नाही. पडलात, नाकात पाणी गेलं, बोर्ड निसटला, तर उभं राहायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. खोल पाण्यात हीच प्रत्येक गोष्ट तिप्पट वेळ खाते आणि भीती वाढवते.

मेअखेरीचा काळ मुद्दाम सांगितला. जुलै-ऑगस्टमध्ये वारा आणखी चढतो. ५८ किलोच्या नवशिक्या माणसाला रोज २५ नॉटच्या वर शिकायला लावू नये, घाबरगुंडी उडते. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कल्पिटियात दुसरा मोसम असतो, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्याचा. तो हलका आणि कमी खात्रीचा. नाताळचीच सुट्टी मिळणार असेल तर तो पर्याय गोव्यापेक्षा बरा, पण हातात दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवा. दिवाळीच्या सुट्टीचा विचार मात्र सोडून द्या. तेव्हा एक मोसम संपलेला असतो आणि दुसरा सुरू झालेला नसतो.

आता खेळाबद्दल. काइट म्हणजे हवा भरलेल्या नळ्यांवर ताणलेलं कापड. पुढची कड एक जाड नळी, तिला जोडलेल्या आडव्या बारीक नळ्या, आणि मधे पडदा. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. हवेच्या नळ्यांमुळे काइट पाण्यात पडली तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येते. सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. काइटपासून साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्या निघतात आणि तुमच्या हातातल्या आडव्या दांड्याला, म्हणजे बारला, येऊन मिळतात. बार हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला, अडकवलेला असतो, त्यामुळे ओढ हातांवर येत नाही, कमरेवर येते. दंडात ताकद नाही म्हणून जमणार नाही, ही समजूत मुळातच चुकीची. माझ्या अनुभवात ज्यांना स्वतःच्या ताकदीवर फार भरवसा असतो ते उशिरा शिकतात, कारण ते बारशी कुस्ती खेळतात.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगावी लागते. संक्रांतीला पतंग उडवून आपले हात एका सवयीत घडलेले असतात. पतंग डोलायला लागला की मांजा खेचायचा, मग तो सरळ वर चढतो. काइटसर्फिंगमध्ये घाबरून बार छातीशी ओढलात तर पडदा वाऱ्याला जास्त अंग देतो आणि ओढ वाढते. बार पुढे सोडला की ओढ कमी होते. म्हणजे घाबरल्यावर हात आपोआप जे करतील त्याच्या नेमकं उलट करायचं. पहिले दोन दिवस इन्स्ट्रक्टर एकच गोष्ट ओरडून सांगत असतो, बार सोडा. ते शरीरात मुरलं की पुढचं सोपं होतं.

वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि समोर एक अर्धा घुमट आहे अशी कल्पना करा. काइट फक्त त्या घुमटाच्या पृष्ठावर फिरू शकते. डोक्यावर आली की ती घड्याळातल्या बारावर आहे असं म्हणायचं. डाव्या कडेला नऊ, उजव्या कडेला तीन. डोक्यावर आणि दोन्ही कडांना ओढ सगळ्यात कमी. तुमच्या अगदी समोर, खालच्या अंगाला ओढ सगळ्यात जास्त, आणि काइट तिथून वेगाने गेली तर आणखी वाढते, कारण धावत्या काइटला तिच्या वेगाचाही वारा लागतो. पहिल्या दिवशी काइट अकरा आणि एकच्या मधे स्थिर ठेवायला शिकायचं. कंटाळवाणं वाटेल, पण बारकडे न बघता बोलता बोलता काइट स्थिर ठेवता आली तरच पुढे जायचं.

मग बोर्डाशिवाय पाण्यात जाऊन काइटने स्वतःला ओढवून घ्यायचं, त्याला बॉडी ड्रॅग म्हणतात. आधी वाऱ्याबरोबर. नंतर एक हात पाण्यात सुकाणूसारखा ठेवून वाऱ्याला तिरकं, वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला. हा दुसरा भाग लोकांना उरकून टाकायचा असतो. उरकू नका. बोर्ड सुटला की तो तुमच्यापेक्षा वरच्या अंगाला राहतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचा हाच मार्ग. बोर्डाला दोरी बांधून पायाला अडकवायची पळवाट कोणी सुचवली तर नकार द्या. दोरी ताणून बोर्ड उलटा डोक्यावर येतो.

त्यानंतर बोर्डावर उभं राहणं. पाण्यात पाठीवर पडायचं, बोर्ड पायात, काइट घड्याळातल्या बारा वाजताच्या जागेजवळ. मग काइट एका बाजूने खाली झेपावू द्यायची. ओढ आली की गुडघे छातीशी घेऊन तिच्यावर स्वार व्हायचं. पहिल्यांदा तुम्ही तोंडावर पडाल. दुसऱ्यांदाही. बहुतेकांची चूक सारखीच असते, उभं राहायच्या घाईत पाय ताठ करतात आणि काइट त्यांना बोर्डावरून पलीकडे फेकते. कधीतरी दहा मीटर जाल, मग तीस, आणि तो क्षण ज्याने अनुभवला तो पुढचं तिकीट काढतोच.

नऊ ते बारा तासांच्या शिकवणीत बरीच माणसं इथवर येतात. पण इथे थांबलात तर शिकणं अर्धवट राहतं. खरा टप्पा वाऱ्याला तिरकं वर चढत जाऊन निघालो त्याच जागी परत येणं हा आहे. ते येत नाही तोवर दर फेरीला खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, वाहत जाल आणि बोर्ड काखेत मारून किनाऱ्याने चालत याल. आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेच्या, म्हणजे आयकेओच्या, श्रेणींमध्ये स्वतंत्रपणे खेळू शकणारा खेळाडू याच कसोटीवर ओळखला जातो. म्हणूनच चार दिवस पुरत नाहीत. आठ दिवसांत एखाद-दोन दिवस वारा रुसतो, एक दिवस अंग इतकं दुखतं की विश्रांती घ्यावी लागते, आणि शिकण्याचे खरे पाच दिवस उरतात. तेवढे हवेतच. आज दोन तास, तीन महिन्यांनी दोन तास असं तुकड्यातुकड्यांनी शिकलेलं हाताला लक्षात राहत नाही.

धोक्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत, कारण पुष्कळ जाहिरातींत हा भाग गाळलेला असतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचा वारा २१ झाला तर वेग दीडपटही झालेला नसतो, पण काइटची ओढ जवळजवळ दुप्पट होते. म्हणून काइटचा आकार वाऱ्याप्रमाणे आणि तुमच्या वजनाप्रमाणे ठरतो. ८० किलोचा माणूस १२ चौरस मीटरची काइट घेऊन आरामात फिरतोय म्हणून तीच तुम्ही घ्यायची नाही. तुम्हाला १८-२० नॉटमध्ये ९ आणि २५च्या आसपास ७ चौरस मीटर पुरेल. शिकताना इन्स्ट्रक्टर याहूनही लहान देईल. हवामानाच्या ॲपवर वारा बघताना सरासरी आणि झोत हे दोन्ही आकडे बघा. सरासरी १८ आणि झोत २२ असेल तर छान दिवस. सरासरी १५ आणि झोत २८ असेल तर त्या दिवशी मीसुद्धा विद्यार्थ्यांना पाण्यात नेत नाही.

मला काळजी पाण्यापेक्षा किनाऱ्याची जास्त असते. काइट वर चढवताना आणि उतरवताना तुम्ही कडक जमिनीवर असता, खालच्या अंगाला नावा, खांब, कुंपण, माणसं असतात, आणि एक झोत तुम्हाला त्यांच्यावर नेऊन आपटू शकतो. खालच्या अंगाला दोऱ्यांच्या दुपटीएवढी, म्हणजे ५० मीटर, मोकळी जागा नसेल तर काइट चढवायची नाही. जमिनीवर काइट डोक्यावर धरून फोटो काढत उभं राहणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार, तो सगळीकडे दिसतो. चढवली की थेट पाण्यात जायचं. ताणलेल्या दोरीत बोट अडकलं तर हाडापर्यंत कापतं. दुसऱ्याची काइट कितीही संकटात दिसली तरी दोऱ्या हातात धरायच्या नाहीत. दूरवर ढग गडगडले तर काइट खाली, वादविवाद नको.

वाऱ्याची दिशा ही आणखी महत्त्वाची गोष्ट. शिकण्यासाठी वारा किनाऱ्याला समांतर किंवा तिरका आत येणारा हवा. किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यात, बचावाची नाव तयार नसेल तर, पाऊल टाकू नका. काही बिघडलं तर तो वारा तुम्हाला घरी आणत नाही.

सुटकेच्या तीन पायऱ्या झोपेतसुद्धा जमायला हव्यात. पहिली, बार हातातून सोडून देणं. बहुतेक वेळा एवढ्यानेच काइट मवाळ होते. दुसरी, हार्नेसजवळचं क्विक रिलीज, म्हणजे काइट झटकन सोडवणारी कळ, पुढे ढकलणं. मग काइट एकाच दोरीवर लटकते आणि तिच्यातला जोर जातो. तिसरी, लीश, म्हणजे तुम्हाला त्या दोरीशी जोडणारा पट्टा, तोही सोडून काइट जाऊ देणं. काइट विकत मिळते. दुसरी पायरी पहिल्याच दिवशी कोरड्या जमिनीवर स्वतः करून बघायचा हट्ट धरा. याच्या जोडीला सेल्फ-रेस्क्यू, म्हणजे खोल पाण्यात दोऱ्या गुंडाळत काइटपर्यंत जायचं आणि तिलाच तराफा करून किनारा गाठायचा. हे न शिकवता थेट बोर्ड देणारी शाळा मला शाळा वाटत नाही.

शाळा निवडताना मी किमतीआधी काही प्रश्न विचारते, तुम्हीही मेसेज पाठवून विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? पहिल्या दोन दिवसांना दोघांत एक काइट चालेल, किंबहुना तेच बरं, कारण एकजण दमला की दुसरा खेळतो आणि बघूनही शिकता येतं. फक्त दोघांचं वजन साधारण सारखं हवं. बोर्डावर उभं राहायची वेळ आली की मात्र एकटीसाठी इन्स्ट्रक्टर घ्या, पैसे तिथे खर्च करा. हेल्मेटमध्ये रेडिओ असतो का? असेल तर शिकणं खूप वेगाने होतं, कारण इन्स्ट्रक्टर लांब असला तरी चुकत असतानाच कानात सांगतो. बचावाची नाव तयार असते का? वारा नसेल तर न वापरलेल्या तासांचे पैसे परत मिळतात का? इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र चालू आहे का? उत्तरं टाळणाऱ्या शाळेत जाऊ नका, कितीही स्वस्त असो.

सामान आत्ता अजिबात घेऊ नका. शिकवणीत सगळं मिळतं, आणि शिकून झाल्यावर तुम्हाला काय हवं हे तुम्हाला स्वतःलाच नीट कळतं. नवीन पूर्ण संच, म्हणजे एक काइट, बार, बोर्ड आणि हार्नेस, दोन लाखांच्या वर जातो. जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांना एक इशारा. २००५च्या आसपास ज्यांचा जोर बार सोडल्यावर जवळजवळ पूर्ण उतरतो अशा काइट बाजारात आल्या. त्याआधीच्या काइट कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नका. क्विक रिलीजसाठी २०२० मध्ये आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं, मानकही आलंय. जुना बार घ्याल तर रिलीज वाळूने जाम झालेलं नाही ना, हे स्वतः ढकलून बघा.

एक गोष्ट मात्र मागून घ्या. नवशिक्यांना कमरेचं हार्नेस देतात, पण त्यांची काइट जास्त वेळ डोक्यावर असल्यामुळे ते सरकून बरगड्यांत रुततं. बायकांना हा त्रास जास्त होतो असं मला दिसलंय. शाळेत बसकं हार्नेस असतं, मांड्यांभोवती पट्टे असलेलं. पहिले काही दिवस तेच वापरा. सोबत न्यायचं ते किरकोळ : पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट), लेगिंग, शिंपले टोचू नयेत म्हणून पाण्यातले बूट, चेहऱ्याला जाड सनस्क्रीन. वरच्या उन्हाच्या जोडीला पाण्यावरून परतणारं ऊनही भाजतं. चष्मा असेल तर मागून पट्टा बांधलेला, आणि शक्यतो जुना.

खर्चाचा अंदाज घेताना लोक विमानभाड्यापासून सुरुवात करतात. पण इथे सगळ्यात मोठा खर्च शिकवणीचा असतो. नऊ-दहा तासांचा कोर्स सहसा मुंबई-कोलंबो जाण्यायेण्याच्या भाड्यापेक्षा महाग पडतो. दर डॉलर किंवा युरोमध्ये सांगतात, म्हणून तासाला किती, त्यात सामान धरलंय का, आणि लगूनपर्यंतच्या नावेचे वेगळे द्यावे लागतात का, हे लिहून घ्या. राहणं-खाणं त्या मानाने परवडणारं. प्रवासाचा विमा काढताना काइटसर्फिंग धरलेलं आहे का ते पॉलिसीच्या कागदात शोधा. पुष्कळ साध्या पॉलिसी साहसी खेळ वगळतात, आणि कल्पिटियात मोठ्या उपचारांसाठी पुत्तलम किंवा त्याही पुढे जावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकिटाआधी श्रीलंकेच्या सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या.

जायचं कसं? मुंबईहून कोलंबोला थेट विमान, अडीच तासांच्या आसपास. विमानतळ शहराच्या उत्तरेला नेगोम्बोजवळ असल्यामुळे कोलंबोच्या गर्दीत शिरावं लागत नाही. तिथून सरळ उत्तरेला चिलाव, मग पुत्तलमच्या अलीकडे डावीकडे वळून द्वीपकल्पावर. गाडीने तीन-साडेतीन तास धरा. रात्रीचं विमान असेल तर नेगोम्बोत मुक्काम करून सकाळी निघा.

नवरा आणि मुलगी यांच्यासाठी आधीच स्पष्ट बोलून ठेवा, कारण मोसमात कल्पिटिया हे काही गोवा नाही. समुद्र खवळलेला असतो, पोहायचा नाही. तिथले प्रसिद्ध डॉल्फिन बघायचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, तो तुम्हाला मिळणार नाही. दिवसभर वारा आणि वाळू. पण लगूनच्या उथळ पाण्यात सात वर्षांचं मूल तासन्‌तास रमतं, फक्त काइट चढवायच्या-उतरवायच्या जागेपासून दूर. गावात डचांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे, मोकाट फिरणारी गाढवं आहेत (मुलांना ती किल्ल्यापेक्षा आवडतात), तळविलाचं सेंट ॲनचं चर्च आहे. एक दिवस विल्पट्टू राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवा. बिबटे आणि अस्वलं यांच्यासाठी ते ओळखलं जातं. शाकाहारी असाल तर भात, डाळ, नारळाची चटणी आणि आपल्या शेवयांसारखे वाफवलेले इडियाप्पम यांवर मजेत राहता येतं. गाव मच्छीमारांचं आहे, मुस्लिम आणि ख्रिस्ती वस्ती मोठी. पाण्याबाहेर गावातून फिरताना अंगभर कपडे घाला, आणि पाण्यात कोणाच्या जाळ्यांवरून काइट नेऊ नका. ते पाणी आधी त्यांच्या पोटापाण्याचं आहे.

पासपोर्टची भानगड नको असेल तर रामेश्वरम हा भारतातला सगळ्यात चांगला पर्याय. मदुराईपर्यंत विमान, पुढे १७० किलोमीटरच्या आसपास रस्ता. बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात, त्यामुळे नैऋत्य मोसमात आणि ईशान्य मोसमात शिकवण्याची जागा बदलता येते. जानेवारी-फेब्रुवारीत सुट्टी मिळणारी असेल तर मी तिथेच पाठवीन. तुतुकुडीलाही शिकवतात. दोन गोष्टींचं भान ठेवा. मन्नारच्या आखातातली २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात, तिथे उतरायचं नाही. आणि धनुष्कोडीच्या पुढे सागरी सीमा जवळ आहे, म्हणून स्थानिक शाळेशिवाय स्वतःच्या मनाने पाण्यात जाऊ नका. १९६४च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेलं धनुष्कोडी घरच्यांना दाखवता येईल.

परदेशात राहणारे मराठी लोकही विचारत असतात म्हणून थोडक्यात. दुबईत असाल तर काइट बीच शहरातच आहे, पण शिकायला उम्म अल कुवैनचं लगून जास्त चांगलं. युरोपातून जायचं तर इजिप्तमधलं एल गूना. स्पेनच्या तारिफाला सगळे जातात, पण तिथला पूर्वेचा लेव्हान्ते वारा नवशिक्याला झोडपून काढतो, दुसऱ्या-तिसऱ्या सुट्टीत जा. झांझिबारचं पाजे सुंदर आहे. तिथे ओहोटीला पाणी खूप लांब जातं, म्हणून भरतीचं वेळापत्रक बघूनच शिकवणी ठरवा आणि समुद्री साळूंच्या काट्यांसाठी बूट घाला. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेयच्या पाण्यात काइट पहिल्यांदा उतरली ते बघून पुष्कळांना खेळाची ओढ लागली. मात्र ती स्पर्धा पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या हायड्रोफॉइल बोर्डावरची होती. तुमची सुरुवात दोन्ही दिशांना सारख्याच जाणाऱ्या साध्या ट्विन-टिप बोर्डावरच होईल. थोडा लांब, रुंद बोर्ड मागा, तो लवकर तरंगतो.

जायच्या आधीच्या दोन महिन्यांत पोहण्याचा सराव वाढवा. वेगापेक्षा न घाबरता बराच वेळ पाण्यात राहता येणं महत्त्वाचं. पोटाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम करा. खांदा कधी निखळला असेल किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारा आणि इन्स्ट्रक्टरलाही सांगा, लपवू नका.

कोर्स संपल्यावर शेवटचे एक-दोन दिवस देखरेखीखाली भाड्याने सामान घेऊन खेळा. बहुतेक शाळा ही सोय देतात. तेव्हा पाण्यातले नियमही अंगवळणी पडतात : किनाऱ्यावरून निघणाऱ्याला परत येणाऱ्याने वाट द्यायची, समोरासमोर आल्यावर ज्याचा उजवा हात पुढे त्याचा हक्क पहिला, आणि एकमेकांना ओलांडताना वरच्या अंगाच्याने काइट वर, खालच्या अंगाच्याने खाली ठेवायची. निघताना इन्स्ट्रक्टरकडून झालेल्या तासांची आणि जमलेल्या टप्प्यांची नोंद लिहून घ्या. पुढच्या वेळी रामेश्वरमला गेलात तर तिथली शाळा ती बघून तुम्हाला नेमकं तिथूनच पुढे शिकवेल, आणि पहिल्या दिवसाचे पैसे वाचतील.